तितराची हाक आणि पारध्याचा गळा



मागच्या आठवड्यात गावातला एक पोरगा आमच्या बांधावर आला. हातात मोबाईल, मोबाईलला जोडलेला छोटा स्पीकर. बटण दाबलं की आतून तितर बोलायला लागलं. दहा मिनिटांत पलीकडच्या बोरीतून खऱ्या तितरानं उत्तर दिलं. "काका, बघा, आता येतंय का नाही," पोरगा म्हणाला. मी स्पीकर बंद करायला लावला. का बंद करायला लावला, ते तिथं उभ्या उभ्या सांगता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी ते तितर येतं का, ते बघू. तितराचं नावच त्याच्या आवाजात आहे, "कतीतर, कतीतर". सकाळी आणि दिवस मावळताना नर मोठ्यानं ओरडतो. ते गाणं नसतं, ती हद्दीची आरोळी असते. "हा बांध माझा" एवढाच तिचा अर्थ. मग त्याच्या हद्दीत दुसरा नर ओरडला की तो भांडायला धावतो. बांध कोरल्यावर आपण जसं कुऱ्हाड घेऊन धावतो, तसंच ते. माणसानं हे फार पूर्वी ओळखलं आणि आवाजालाच आमिष केलं.

आपल्या मुलखात ही विद्या जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकीत शिकार आहे. माणसाळलेल्या हरणाकडून रानातलं हरीण भुलवून आणायची रीत आहे, लाव्यांच्या झुंजीही आहेत. राजानं केलं तर ती करमणूक आणि त्यावर ग्रंथ. तीच विद्या पोटासाठी करणारे होते फासेपारधी. त्यांच्यावर ग्रंथ झाला नाही, कायदा झाला. ते पुढं सांगतो.

मी सातवी-आठवीत असेन. कपिलधारच्या माथ्यावर, आमच्या पडिकाजवळ, पारध्यांची तीन-चार पालं पडायची. त्यात एक म्हातारा होता, आम्ही त्याला आबा म्हणायचो. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे तो मांडीवर वळायचा. गाईच्या आडोशानं चालायचा, म्हणजे पाखराला माणूस दिसायचा नाही, गाय दिसायची. आणि हाक मारायची ती नुसत्या गळ्यानं. शिट्टी नाही, नळी नाही. तोंडापुढं दोन्ही तळवे धरायचा आणि रानात तितर बोलायचं.

आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. पावसाळ्यात उकिरड्यावर आंब्याची कोय उगवली की ती दगडावर घासून पिपाणी करायची. पपईच्या देठाचीही व्हायची. मी कोयीची पिपाणी घेऊन तासभर बोरीखाली फुंकत बसलो. तितर आलं नाही, गावातलं कुत्रं आलं. आबा हसला आणि म्हणाला, "लई बोलतो तू. एकदा बोलायचं अन् गप बसायचं. तो बोलला की त्याचं ऐकायचं. हाक मारणारा निम्मा कान असतो, पोरा."

सगळ्या विद्येचं सार या वाक्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. तिथं रानात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो, कोंबडीच्या कुळातला. मोसम वसंतातला. रीतीप्रमाणं नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं जाते. शिकारी ते उलटं करतो. तो मादीचा आवाज काढतो आणि नराला आपल्याकडं चालत आणतो. तिथले मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडांची नळी करून तो आवाज काढायचे. नंतर लाकडी डबी आली. पातळ फळ्यांची पेटी, तिच्या कडेवर खडू लावलेलं झाकण घासायचं की मादी बोलते. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन नावाच्या माणसानं अशा डबीचं पेटंट १८९७ साली घेतलं. तिथले जुने शिकारीही नवख्याला हेच सांगतात, कमी बोल, जास्त ऐक. आमचा आबा त्यांना कधी भेटला नव्हता.

पण फरक बघा. तिथं हाक मारणाऱ्याच्या हातात पेटंटचा कागद आला. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात, १९११ नंतर मुंबई इलाख्यातही. जमातच्या जमात जन्मानं गुन्हेगार ठरवायची, पोलिसांत हजेरी लावायची, काहींना तारेच्या कुंपणात ठेवायचं. सोलापूरची सेटलमेंट त्यातलीच. आपला बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण पारध्याच्या पालाला सरहद्द कुठली? शिक्का माणसाबरोबर चालत यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. कागदावरून शिक्का पुसला, गावाच्या डोक्यातून नाही.

आमच्याही नाही. एका उन्हाळ्यात गावात दाणे चोरीला गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं, तरी रात्रीतून पालं उठवली. माझे वडील तिथं उभे होते, बोलले नाहीत. मीही होतो. महिन्याभरानं चोर गावातलाच निघाला. तोवर आबा कुठल्या कुठं गेला होता. त्याला परत बोलवायला कुणी गेलं नाही.

आता शिकारीचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तितर पकडणं, मारणं गुन्हा झाला. आबा फासे वळत होता तेव्हाही तो कायदा होता, आमच्या माथ्यावर कुणाला ठाऊक नव्हता एवढंच. कायदा बरोबर आहे, यात मला शंका नाही. अमेरिकेतही टर्की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आली होती. १९३७ साली त्यांनी बंदुका-काडतुसांच्या कराचा पैसा रानासाठी लावायचा कायदा केला, पक्षी धरून दुसऱ्या रानात सोडले, आणि संख्या पुन्हा लाखांत गेली. आपल्याकडं बंदी आली, पण ज्याच्या गळ्यात रानाची सगळी माहिती होती त्याला दुसरं काम कुणी दिलं नाही.

कुठं कुठं दिलंय. वाशीम-अकोल्याकडं 'संवेदना' संस्थेनं फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोर वाचवायचं काम उभं केलं. पावसाळ्यात गवतात नर कुठं उड्या मारतो, अंडी कुठं असतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ज्याला पाखरू बोलवता येतं त्याला ते मोजताही येतं. आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथंही असे कान कामाला येतील.

आणि आपलं काम? तितर वाळवी खातं, किडे खातं, गवताचं बी खातं. बांधावरच्या गवतात जमिनीवर सहा-आठ अंडी घालतं, रात्री बोरी-बाभळीवर बसतं. आपण बांध जाळला, तणनाशक मारलं, बोर तोडली. शिकाऱ्यानं नेली त्याहून जास्त तितरं आपण अशी घालवली, असं मला माझ्याच रानाकडं बघून वाटतं. पूर्वी एका सकाळी चार बाजूंनी हाक यायची. आता एका बाजूनं येते.

म्हणून स्पीकर बंद केला. ते यंत्र नुसतं बोलतं. त्याला कान नाही. आणि एकच जोडी उरलेल्या बांधावर खोटा वैरी उभा करून तिला फाशात बोलवायचं, यात विद्या कसली?

मी दोन बांध न जाळता सोडलेत. तुम्हीही एक सोडा. पहाटे दहा मिनिटं उभे राहा, किती बाजूंनी तितर बोलतं ते मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. आणि तुमच्या माथ्यावर कुणी आबा अजून असेल, तर त्याला चहाला बोलवा. तो बोलला की गप बसा, ऐका.