काशीच्या अंगणातला भूर्ज: एका समजुतीचे खंडन

बनारसला आत्याच्या घराच्या फाटकाशी एक झाड आहे. घाटावरचा जुना वाडा सोडून तिच्या मुलाने, दादाने, विद्यापीठाच्या बाजूला घर बांधलं, तेव्हा एका रोपवाटिकेतून हे रोप आणलं. बुंध्याला पत्र्याची पाटी बांधली होती, ‘भोजपत्र’. साल पांढुरकी, पापुद्रे ओढले की कागदासारखे सुटणारे. आत्या त्यावर अष्टगंधाने रामनाम लिहायची आणि देवघरात ठेवायची. गेल्या वैशाखात मी गेलो, तेव्हा एक पान खुडून चुरगाळलं. हाताला कापरासारखा उग्र वास आला. पान लांबट, जाडसर, कडेला दाते नाहीत, आणि शिरा देठापासून टोकापर्यंत समांतर गेलेल्या. भूर्जाचं पान असं नसतं. ते पातळ असतं, अंडाकृती असतं, कडेला करवतीचे दाते असतात, मधल्या शिरेपासून दोन्ही अंगांना तिरप्या शिरा फुटलेल्या असतात आणि थंडीत ते गळून पडतं. फाटकाशी उभं होतं ते कायापुटीचं झाड, मूळचं ऑस्ट्रेलियाकडचं.

आत्याची चूक तिची एकटीची असती तर लिहायला बसलो नसतो. पण मैदानी मुलखात भूर्ज लावता येतो, आणि काशीत तर तो लावलाच पाहिजे, हे मत आता चांगल्या शिकलेल्या माणसांतही रुजलं आहे. शास्त्रार्थाचा दंडक असा की पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा नाही. तेव्हा तो पुऱ्या ताकदीने मांडतो. काशी हे पोथ्यांचं गाव. प्राचीन ग्रंथ भूर्जपत्रावर लिहिले गेले. अकराव्या शतकात अल्‌बेरूनीने लिहून ठेवलं आहे की मध्य आणि उत्तर हिंदुस्थानात लोक भूर्जाच्या सालीवर लिहितात, आणि ती साल तेल लावून, घोटून गुळगुळीत करतात. म्हणजे या झाडाचं नातं काशीशी जुनं आहे. शिवाय अमेरिकेत उन्हाला दाद न देणारे भूर्ज निघाले आहेत. तिथला रिव्हर बर्च नदीकाठीच वाढतो, फ्लोरिडाच्या उत्तर भागापर्यंत रानात सापडतो, त्याचे ‘हेरिटेज’ आणि ‘ड्युरा-हीट’ हे वाण घरोघरी लावले जातात. गंगेकाठच्या गावाला याहून सोयीचं झाड कोणतं?

आधी पोथीची बाजू बघू, कारण श्रद्धेचा सगळा भार तिच्यावर आहे. अल्‌बेरूनी सांगतो ते वापराबद्दल. साल कुठे वाढत होती हे त्यातून सिद्ध होत नाही. काशीत जरीचं कापड विणतात म्हणून रेशमाचे किडे काशीत पोसले जातात असं कोणी म्हणत नाही. हिमालयातला भूर्ज साधारण ३००० मीटरच्या वर, जिथे झाडांची हद्द संपत येते तिथे वाढतो. गंगोत्रीच्या वरच्या भोजबासाला नावच या झाडावरून पडलं आहे. काशी समुद्रसपाटीपासून जेमतेम ८० मीटरवर. साल खाली आली ती माणसाच्या आणि जनावराच्या पाठीवरून. कालिदासाने भूर्जाच्या सालीवर प्रेमपत्रं लिहायला लावली ती विद्याधरींना, आणि तीही हिमालयाच्या वर्णनात. कवीला झाडाचा पत्ता नेमका ठाऊक होता.

आणि भूर्जाच्या ज्या पोथ्या खरोखर टिकल्या, त्या कुठल्या? गणिताची बख्शाली पोथी १८८१ मध्ये पेशावरजवळ मिळाली. वैद्यकाची बावर पोथी १८९० मध्ये मध्य आशियात, कुचा भागात. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ऋग्वेदाच्या ज्या तीस पोथ्यांची युनेस्कोने २००७ साली जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत नोंद केली, त्यांतली एकच भूर्जपत्रावर आहे, शारदा लिपीतली. ती काश्मीरची. गेओर्ग ब्यूलरने १८७५ च्या दौऱ्यात तिथून पोथ्या मिळवल्या, त्या संग्रहातली. बाकीच्या एकोणतीस कागदावर. थंड आणि कोरडा मुलूख साल सांभाळतो. काशीच्या पावसाळी दमटपणात ती भंगते, तिचे थर सुटतात.

आपल्या मराठी माणसांनी काशीत जे लिहिलं, तेही बघावं. सोळाव्या शतकातले नारायणभट्ट, त्यांच्या घराण्यातले कमलाकरभट्ट, ज्यांचा निर्णयसिंधु १६१२ चा, मयूखकार नीलकंठ आणि शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट. धर्मशास्त्राचा एवढा मोठा कारखाना दुसऱ्या कोणत्या घरात चालला नसेल. पण त्यांचा काळ हातकागदाचा होता. काश्मीरमध्येसुद्धा अकबराच्या वेळी कागद आला आणि भूर्जपत्र तयार करण्याची कला हळूहळू बुडाली, असं ब्यूलरने नोंदवलं आहे. काशीची विद्या आणि भूर्जाची मुळं यांची सांगड आपण मागाहून घातली. ‘पत्र’ या शब्दाने गोंधळात भर टाकली. पुष्कळांना अजून वाटतं की भूर्जपत्र म्हणजे त्या झाडाचं पान.

आता उन्हाची बाजू. रिव्हर बर्च हा भूर्जकुळातला उष्णता सोसणारा गडी, हे मला पूर्ण मान्य आहे. उत्तरेकडचे पांढरे भूर्ज दक्षिणेत आणले की साल पोखरणारा किडा त्यांना मारतो, रिव्हर बर्च मात्र टिकतो. हिवाळ्यातल्या थंडीचा आक्षेपही मी ताणणार नाही. कळ्या फुटण्याआधी भूर्जाला थंडीची विश्रांती लागते हे खरं, पण फ्लोरिडाकडच्या बियाण्याला ती कमी पुरेल असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

माझा वाद ‘उष्णता’ या एका शब्दाशी आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातला उन्हाळा दमट असतो आणि तिथे बारा महिने पाऊस वाटून पडतो. उन्हाळ्यात दुपारी पारा बत्तीस-तेहतीसपर्यंत चढतो, आभाळ भरतं, सर येते. बनारसचा मे महिना वेगळा. दुपारचं सरासरी तापमान चाळीसच्या पुढे, वाईट दिवशी पंचेचाळीस, आणि वर पश्चिमेची लू. ती झाडाच्या पानातून पाणी अक्षरशः ओरबाडून नेते. रिव्हर बर्चची मुळं उथळ. निसर्गात तो पुराच्या ओल्या मातीत उभा असतो, म्हणून खोल जाण्याची गरज त्याला पडलेली नाही. पान जेवढं पाणी गमावतं तेवढं मूळ पुरवू शकत नाही. मग झाड स्वतःला वाचवायला पानं टाकतं. एक वर्ष टाकली तर सावरेल, दरवर्षी टाकली तर लाकडातला साठा संपतो. रात्रही मदतीला येत नाही. जूनमध्ये काशीत रात्रीही पारा अठ्ठावीस-तिशीच्या आसपास राहतो, आणि दिवसभर कमावलेली साखर झाड रात्रीच्या श्वसनातच खर्चून बसतं.

सकाळ-संध्याकाळ पाणी घालू, असं कोणी म्हणेल. पाणी घालताच दुसरी अडचण उभी राहते, आणि माझ्या मते हीच निर्णायक आहे. गंगेच्या गाळाची माती चुनखडीची. पाया खणताना कंकर लागतात, ते काशीच्या कोणत्याही गवंड्याला विचारा. भूर्जाला आंबट माती हवी, सामू (पीएच) साडेसहाच्या खाली. इथे तो साडेसात-आठच्या घरात. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नळाचं पाणीही जड, म्हणजे जितकं पाणी घालाल तितका चुना वाढवाल. गंधक टाकून एक खड्डा दोन वर्षं आंबट ठेवता येईल, पण मुळं खड्ड्याच्या बाहेर जाणारच. नदीकाठ सारखा दिसला म्हणून नदी सारखी होत नाही.

हिमालयातला अस्सल भूर्ज इथे आणणं तर मला अपराध वाटतो. भोजबासाचं जंगल यात्रेकरूंच्या चुलीत जळून गेलं. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी गंगोत्री बचावचं काम हाती घेऊन १९९० च्या दशकात तिथे पुन्हा भूर्जाची रोपं लावली. तिथल्या हवेत एक रोप माणसाच्या उंचीचं व्हायला किती वर्षं लागतात, ते ती लावणाऱ्यांनाच ठाऊक. ते उपटून बनारसच्या अंगणात मारायचं कशासाठी?

मग काशीकराने पांढऱ्या सालीच्या झाडाची हौस मारून टाकावी का? मुळीच नाही. अर्जुन आहे. नदीनाल्याच्या काठचं आपलं झाड, करड्या-पांढऱ्या सालीचं, तिचे मोठे तुकडे सुटून खाली नवी फिकी साल दिसते. क्षारपड जमिनीतसुद्धा तग धरतं. आणि ज्याला खरोखर भूर्जासारखी कागदी साल हवी, त्याने आपल्या कांडोळाकडे बघावं. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या कातळावर उन्हाळ्यात निष्पर्ण उभं असलेलं हे झाड चांदण्यात भुतासारखं पांढरं दिसतं. काही भागांत त्याला पांढरूख म्हणतात. साल तळहाताने चोळली तर पातळ पापुद्रे निघतात, आत हिरवट-गुलाबी छटा. डिंकासाठी अतोनात घाव घालून आपण त्याची संख्या घटवली. विंध्याच्या रांगेत, मिर्झापूर-सोनभद्रच्या टेकड्यांवरही ते आहे, तिथे त्याला कुल्लू म्हणतात. काशीहून अर्ध्या दिवसाची वाट. पंचेचाळीस अंशांची लू त्याने हजारो वर्षं पचवली आहे. फक्त पाणी साचणाऱ्या जागी लावू नये, उंचवट्यावर, मुरूम घालून लावावं, आणि फळांची लव अंगाला खाजते म्हणून वाटेपासून जरा दूर.

कायापुटीचं काय, असं दादाने विचारलं. असू द्या म्हटलं. मधमाश्यांना फुलं आवडतात. पण त्याची रोपं गंगेच्या ओल्या काठावर नेऊन लावू नका. याच जातकुळीतल्या एका झाडाने फ्लोरिडाच्या दलदलीत मूळच्या वनस्पतींना हुसकून लावलं आहे.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “अरे, इतकी वर्षं मी त्याच्यावर रामनाम लिहिलं, ते?”

“रामनामच लिहिलंस आत्या. साल तेवढी कायापुटीची होती.”

तिने दादाला पाटी सोडून आणायला सांगितली, मागच्या कोऱ्या बाजूला रंगाने ‘कायापुटी’ लिहून घेतलं, आणि संध्याकाळच्या आत ती पुन्हा बांधायला लावली.