ओळखा पाहू!

रात्री साडेनऊच्या सुमारास जेवणखाण उरकले, की आमच्या घरी एक चमत्कारिक सभा भरते. सभासद सात, पण खोलीत मी एकटाच असतो. एक गृहस्थ बेळगावचे निवृत्त कारकून आहेत, एक बाई नाशिकच्या, एक सोलापूरकर नोकरीनिमित्त दुबईत, दोघे पुण्याचे आणि सातवा आमच्या मानकोलीचाच, माझा जुना विद्यार्थी. महामार्गालगत जिथे पूर्वी भाताची खाचरे होती तिथे आता गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. त्यांतल्या एका गोदामात तो आल्या-गेल्या मालाची नोंद ठेवतो. त्याच्याखेरीज बाकीच्यांचे तोंडही मी प्रत्यक्षात पाहिलेले नाही. आमची ओळख झाली ती फोनवर, आणि टिकली ती एका खेळामुळे. एकाने दोनतीन चित्रे धाडायची आणि इतरांनी त्यांवरून चित्रपट किंवा मालिका ओळखायची. नियम एकच: उत्तर शोधायचे नाही, आठवायचे.

"मास्तर, हा पोरखेळ तुम्हांला शोभतो का?" असे एका स्नेह्याने परवा विचारले. प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यापूर्वी या खेळाचे कूळ तरी पाहावे म्हणून मी मागे मागे जाऊ लागलो आणि पाहतो तो काय, घराणे भलतेच जुने निघाले!

महाभारताच्या वनपर्वात तळ्याकाठी यक्ष प्रश्न विचारतो, तेव्हा चार पांडव उत्तर न देताच पाणी पितात आणि निष्प्राण होऊन पडतात. युधिष्ठिर उत्तरे देतो म्हणून ते उठतात. तिथे ओळखण्यावर प्राण टांगलेले आहेत. आमच्या मराठीत 'उखाणा' या शब्दाचा एक अर्थ कोडे असाच आहे. पुढे नवऱ्याचे नाव यमकात गुंफून घ्यायच्या ओळींनाही उखाणाच म्हणू लागले. आणि भेंड्या कोणाला ठाऊक नाहीत? आधी श्लोकांच्या, मग कवितांच्या आणि शेवटी सिनेमाच्या गाण्यांच्या. अक्षर अडले, की त्या पक्षावर भेंडी चढते. हरण्याला इतका सौम्य शब्द दुसऱ्या कोणत्या खेळात असेल असे मला वाटत नाही.

सिनेमा आपल्याकडे आला ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला तो ३ मे १९१३ रोजी. पण सिनेमा हा भेंड्यांचा विषय व्हायला तो घराघरांत शिरावा लागला, आणि ते काम रेडिओने केले. त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद झाले. मग गाणी समुद्रापलीकडे गेली आणि रेडिओ सिलोनवरून परत आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घरोघरी ओळखीचा झाला.

पुष्कळांना ठाऊक नसते, की गीतमाला आरंभी एक कोडेच होती. सात गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची आणि श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पत्राने कळवायची. बक्षीस शंभर रुपयांचे. पहिल्या कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली, आणि पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. इतकी पत्रे तपासायची कोणी? तेव्हा कोडे बंद करून गाण्यांची लोकप्रियतेनुसार उतरंड लावण्याची प्रथा पडली. तरीही घरोघरी लोक पैज लावतच राहिले: या आठवड्याला पहिले गाणे कोणते? आकाशवाणीनेही हट्ट सोडला आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू केली.

मुंबईचे दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. माझ्या लहानपणी गावात दूरचित्रवाणी संच मोजके होते. 'छायागीत' असो वा १९८७ साली सुरू झालेले 'रामायण' असो, ज्यांच्या घरी संच त्यांच्या ओटीवर सारी आळी लोटे. चपला बाहेर, माणसे आत. दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी नुसता हात वर करून बाण सोडण्याचा आविर्भाव केला, तरी पन्नास पोरांना कळे की कालचा कोणता प्रसंग. ओळखायला काही श्रमच पडत नसत, कारण पाहण्यासारखे दुसरे काही नव्हतेच.

त्यानंतर उपग्रह वाहिन्या आल्या. १९९३ साली झी वाहिनीवर अन्नू कपूर यांनी 'अंताक्षरी' रंगवली. आमची माजघरातली भेंडी दिव्यांच्या झगमगाटात उभी राहिली. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' आले, आणि ज्ञानाला एक कोटीचा भाव फुटला. मूळ कार्यक्रम इंग्लंडातला, १९९८ सालचा. त्यात अडलेल्या स्पर्धकाला मित्राला फोन करण्याची मुभा होती. आज वाटते, त्या सवलतीतच पुढचा काळ दडलेला होता. आता मित्र फोनमध्येच राहतात. २०२१ च्या अखेरीस 'वर्डल' नावाचे शब्दकोडे जगभर पसरले. त्याच धर्तीवर 'फ्रेम्ड' हा खेळ निघाला: एका चित्रपटातली सहा दृश्ये, आणि ओळखायला सहा संधी. म्हणजे मानकोलीत बसून आम्ही जो पोरखेळ करतो, तो सारे जग करीत आहे. स्नेह्याला द्यायला एवढे उत्तर पुरेसे होते.

पण मला स्वतःला ते पुरले नाही. कारण याच सुमारास आमच्या सभेत एक गोष्ट घडली.

एका रात्री कोडे घालायची पाळी माझी होती. मी तीन चित्रे धाडली: नदी, पुस्तक आणि पक्षी. बेळगावकरांनी क्षणाचाही विलंब न लावता लिहिले, "संत तुकाराम!" प्रभातचा हा चित्रपट १९३६ सालचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकाराम विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. नदीत बुडालेली गाथा, आणि शेवटी वैकुंठाला नेणारे गरुडाचे विमान. नाशिकच्या बाईंनी हात जोडले, दुबईकरांनी आजोबांची आठवण सांगितली. फक्त माझा विद्यार्थी गप्प होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "सर, हा कोणता सिनेमा?"

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी. त्याने चार चित्रे धाडली. आम्ही सहा जण तासभर डोके खाजवीत बसलो. उत्तर निघाले एका परदेशी मालिकेचे. तो आणि त्याचे सोबती जेवणाच्या सुट्टीत ती फोनवर पाहतात. आम्ही कोणी तिचे नावही ऐकले नव्हते. भेंडी आम्हां सहांवर चढली. पण त्यालाही जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कोडे घालणाऱ्याला उत्तर ठाऊक असतेच. पण कोडे सुटायचे असेल, तर ते उत्तर ऐकणाऱ्याच्या घरातही असावे लागते. आमच्या पिढीच्या घरात ते आपोआप होते, कारण आकाशवाणी एक आणि दूरदर्शनही एकच. ते आमचे कर्तृत्व नव्हे. आज प्रत्येकाच्या मुठीत वेगळा पडदा आहे. पाहण्याजोगे हजारपट वाढले आणि दोघांनी मिळून पाहिलेले मात्र कमी झाले. वर्गात मी 'श्यामची आई'चा दाखला देतो तेव्हा हे मला रोज जाणवते. आचार्य अत्र्यांच्या त्या चित्रपटाने १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले, आणि तो मान पुन्हा मराठीकडे यायला 'श्वास'पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, वाट पाहावी लागली. कोडे म्हणून हे सुरेख आहे. पण वर्गातली चाळीस तोंडे कोरी असली, तर कोडे घालणारा एकटाच पडतो.

कोणी म्हणेल, त्यात काय बिघडले? जुने सारे कुठेतरी साठवलेले असतेच. दुर्दैवाने तेही खरे नाही. आपला पहिला बोलपट 'आलमआरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. त्या दिवशी गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले म्हणतात. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. उरली आहेत ती छायाचित्रे आणि जाहिराती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. पी. के. नायर यांनी जन्मभर गावोगाव हिंडून रिळे गोळा केली, पण तोवर मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते. जुन्या फितीत चांदी असे. ती काढून घेण्यासाठी लोकांनी फिती विकल्या. फितीचे नायट्रेटही असे ज्वालाग्राही, की २००३ च्या जानेवारीत पुण्यात आग लागून उरल्यासुरल्यातलेही पुष्कळ गेले. 'आलमआरा' आम्ही चित्रांवरून ओळखू शकतो, पण पाहू शकत नाही. कपाट जळते, रीळ विरघळते. मग एकाने दुसऱ्याला सांगितले असेल, तेवढेच राहते.

हे मी त्या रात्री सभेत लिहिले नाही. मास्तरकी फार झाली असती.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थ्याची पाळी पुन्हा आली. त्याने दोनच चित्रे धाडली: देऊळ आणि चप्पल. आम्ही पुन्हा बुचकळ्यात पडलो. मी दोन हिंदी चित्रपटांची नावे घेतली, दोन्ही चुकली. पुणेकरांनी हात टेकले. शेवटी त्यानेच लिहिले, "सर, तुमचाच सिनेमा. संत तुकाराम. जेवणाच्या सुट्टीत तीन दिवसांत पाहिला."

मी चमकलो. खरेच की! पोर आजारी पडलेले, घरात दाणा नाही, आणि तुकारामाची बायको जिजाई चप्पल उचलून देवळात विठोबाला जाब विचारायला निघते. गौरी या नटीने ती भूमिका काय ताकदीने केली आहे! हा चित्रपट मी निदान सहा वेळा पाहिला असेन. पण मला आठवत होती गाथा आणि आठवत होते विमान. चप्पल मी विसरलो होतो. गोदामात बारा तास उभे राहून घर चालवणाऱ्या पोराला मात्र तीच दिसली.

"जिजाई बरोबर होती, सर," त्याने खाली लिहिले होते.

बेळगावकरांनी त्यावर लांबलचक उत्तर लिहिले, नाशिकच्या बाईंनी त्याहून लांब. अकरा वाजून गेले तरी वाद चालू होता. त्याची परदेशी मालिका मी कालपासून पाहायला घेतली आहे. दोन भाग झाले, अजून नीटशी कळत नाही. आणि त्या रात्रीची भेंडी अर्थात माझ्यावरच चढलेली आहे.