आंग्रिया: मुंबई-गोवा जहाज का टिकलं नाही

आंग्रिया ही मुंबई ते गोवा अशी रात्रभराची प्रवासी जहाज सेवा होती. 20 ऑक्टोबर 2018 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते ती सुरू झाली. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत. नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून ठेवलं होतं.

वैनगंगेवरचा डोंगा पाहिलेल्यांसाठी सांगायचं तर जहाज 131 मीटर लांब, म्हणजे रेल्वेच्या साडेपाच डब्यांएवढं. बांधणी जपानची. प्रवासी साधारण साडेतीनशे. दुपारी चारला मुंबई सोडायचं आणि सकाळी नऊच्या सुमारास गोवा गाठायचं. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरणाऱ्या आपल्या माणसाला वेळ तशी सोयीची होती. भाडं मात्र हजारांत, आणि रेल्वेचं स्लीपर शेकड्यांत!

खरी गोम हिशोबात होती. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, तेव्हापासून रात्री गाडीत बसून सकाळी गोव्यात उतरता येतं. जुन्या कोकण बोटी रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांना लागायच्या, चाकरमानी घेऊन जायच्या. आंग्रियाच्या वाट्याला उरला तो फक्त हौशी पर्यटक. त्यात पावसाळ्यात समुद्र बंद. चार महिने तिकीट विक्री शून्य, पण देखभाल, बंदराचं भाडं, कर्जाचा हप्ता थांबत नाही. नव्वदच्या दशकात दमानियांची वेगवान कॅटामरान याच मार्गावर धावली, तीही टिकली नव्हती.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला आणि फेऱ्या थांबल्या त्या कायमच्या. हाल झाले ते जहाजावरच्या कर्मचाऱ्यांचे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

समुद्र इथून कितीही लांब असो, जहाजावर नोकरी धरू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. 2017 चा सागरी दाव्यांचा कायदा (अ‍ॅडमिरल्टी अ‍ॅक्ट) 1 एप्रिल 2018 पासून लागू आहे. मालक पैसे देत नसेल तर थेट जहाजच कोर्टामार्फत जप्त करता येतं. ते विकून आलेल्या पैशात खलाशांच्या थकीत पगाराचा हक्क बँकेच्या गहाणाच्याही आधी लागतो. पगाराचा हा हक्क पैसे थकल्यापासून दोन वर्षं टिकतो. त्याच्या आत जहाज जप्त व्हावं लागतं.