पेटीचा डावा हात

परवा नातीचा फोन आला. "आजी, मिडी कीबोर्ड घ्यायचाय. कॉम्प्युटरवर गाणी करणार आहे मी. २५ पट्ट्यांचा घेऊ की ४९?" शाळेत इतकी वर्षं प्रार्थनेला पेटी वाजवली म्हणून मला विचारलं, एवढंच! म्हटलं, "थांब गं, वाचून सांगते." वाचत गेले आणि पेटीचाच इतिहास समोर आला.

हार्मोनियम मुळात फ्रेंच. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. तिचा भाता पायाने चालायचा, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर. पण आपला गाणारा मांडी घालून बसणारा. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागच्या बाजूला हाताशी आणला. डावा हात भात्यात अडकला खरा, पण बिघडलं काहीच नाही. आपलं गाणं एका वेळी एकाच स्वराचं, त्याला उजवा हात पुरतो. महाराष्ट्रात तर नाटकापासून कीर्तनापर्यंत पेटीवाचून पान हलेना. गोविंदराव टेंब्यांनी तिला मैफलीत मान मिळवून दिला.

तक्रार मात्र पहिल्यापासून होती. सप्तकात बाराच पट्ट्या, आणि एका पट्टीवरून दुसरीवर उडीच मारावी लागते. मींड कुठून येणार? सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी मिळून श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर बराच वाद झाला, आणि ती रुजली नाही. पुढे दिल्ली रेडिओवरचे पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फाउल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिलं, रवींद्रनाथांचाही विरोध होताच. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं.

म्हणजे माझं सगळं लहानपण त्या बंदीतलं. आमचे दादा गावात कीर्तनाला पेटीची साथ करायचे. रात्री रेडिओवर गाणं लागलं की साथीला सारंगी. दादा कधी रागावले नाहीत. मला शिकवताना मींड आली की ते पट्टीवरचा हात उचलत आणि गळ्याने म्हणून दाखवत. "हे हिला येत नाही, ते आपण म्हणायचं," इतकंच बोलत.

आता मिडी. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात एक अमेरिकन आणि एक जपानी वाद्य तारेने जोडून वाजवून दाखवलं. दोन कंपन्यांची यंत्रं एकच भाषा बोलली, ती ही मिडी. यातल्या नुसत्या कीबोर्डला स्वतःचा आवाज नसतो. कुठली पट्टी, किती जोरात दाबली, एवढे आकडे तो कॉम्प्युटरला कळवतो. पट्ट्या मात्र त्याच बारा! पण डाव्या बाजूला एक चाक असतं. ते फिरवलं की स्वर वर-खाली सरकतो. बहुतेक ठिकाणी दोन पट्ट्यांइतका, आणि मधे १६,३८४ पायऱ्या. चाक पूर्ण खाली ओढून सा दाबला तर कोमल निषाद वाजतो. मग चाक हळूच सोडायचं, की निषादावरून सा पर्यंत मींड. भात्यातून सुटलेला डावा हात अखेर इथे कामाला आला.

आणि भाता? काही कीबोर्डांना आवाज कमीजास्त करणारं पायाचं पेडल जोडता येतं. म्हणजे कोलकात्यात हातात आलेला भाता परत पायाकडे!

मी नातीला सांगितलं, "पट्ट्यांचं म्हणशील तर माझी पेटी साडेतीन सप्तकांची, म्हणून ४९ बरा. पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि हलक्या असू देत. पण आधी डावीकडे बघ. खरं फिरणारं चाक हवं, आणि त्या पेडलची जागाही. दिवे लुकलुकतात म्हणून भुलू नकोस. एका वेळी एकच स्वर वाजव, कारण चाकाने सगळेच स्वर एकदम सरकतात. आणि कुठे, किती सरकायचं ते चाक सांगत नाही. ते आधी गळ्याने म्हणून बघ."

"गळ्याने? आजी, मला कुठे गाता येतं!"

"मला तरी कुठे येत होतं?" मी म्हटलं.

असो. सुट्टीत कीबोर्ड घेऊन येणार आहे. मी पेटी पुसून ठेवली आहे.