निर्वासित नाशिककर कसे झाले?

देवळाली कॅम्प म्हटलं की आपल्याला तोफखाना, मोकळी हवा आणि जुने बंगले आठवतात. पण फाळणीनंतर याच छावणीतल्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं राहत होती. आज त्यांची नातवंडं-पतवंडं नाशकात दुकानं चालवतात, त्यांना कुणी निर्वासित म्हणत नाही. हे आपोआप घडलं का? अजिबात नाही.

आधी ते का आले ते बघू. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, निम्मा प्रांत तरी भारतात राहिला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तरीही बरेच हिंदू सिंधी तिथेच थांबले होते. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि धीर सुटला. लोक मिळेल त्या बोटीने मुंबईला निघाले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे मुंबई त्यांना परकी नव्हती.

पण मुंबईत जागा कुठे होती? महायुद्ध संपल्यामुळे लष्करी छावण्या मोकळ्या होत्या. कल्याणच्या छावण्यांत लाखभर माणसं गेली, त्याचंच १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. काही जण देवळालीला आले.

स्वागत काही हारतुरे घालून झालं नाही. १९४८ मध्ये मुंबई सरकारने निर्वासितांची नोंदणी आणि त्यांच्या हालचालींवर नियंत्रण यासाठी खास कायदा केला. माणसं हवीत, पण शहरात गर्दी नको, असा सगळा मामला.

मग गाडी रुळावर आली कशी? कागदामुळे. राज्यघटनेच्या कलम ६ मध्ये पाकिस्तानातून आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय झाली. १९ जुलै १९४८ च्या आधी येऊन इथे राहणाऱ्यांना वेगळी नोंदणीही लागली नाही. १९५४ मध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या भरपाईचा कायदा आला. नागरिक झालेला माणूस मत देतो, जागा घेतो, दुकान टाकतो. बाकीचं त्यांनी स्वतःच्या कष्टाने केलं.

आता कोल्हापूरजवळचं वळीवडे बघा. सोव्हिएत राजवटीने सायबेरियात हाकललेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ पासून तिथे राहिले. शाळा होत्या, चर्च होतं. पण ते पाहुणे होते, खर्च लंडनमधलं त्यांचं सरकार करत होतं. १९४८ पर्यंत ते निघून गेले. मग त्याच छावणीत सिंधी आले. त्याचं गांधीनगर झालं, आज तिथली कापडाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. बराकी त्याच, पण एकांसाठी तो मुक्काम होता आणि दुसऱ्यांसाठी गाव.

आज निर्वासितांचा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी बोलतो, 'घ्या' किंवा 'हाकला'. घेतल्यावर पुढे काय, हे कुणी विचारत नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कुणाला कसं वागवायचं हे त्या-त्या वेळचं सरकार ठरवतं. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत १९७० च्या दशकापासून आहे. नागरिकत्व न घेतलेल्या तिबेटींना अजून नोंदणीच्या कागदाची मुदत वाढवत राहावी लागते.

सगळ्यांनाच ठेवून घ्या असं म्हणणं नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, हे देशाने जरूर ठरवावं. पण ते नियमाने ठरवावं, आणि ज्याला ठेवलं त्याला पिढ्यान्‌पिढ्या बराकीत ठेवू नये. देवळालीचा धडा एवढाच आहे.

तुमच्या घरात त्या छावणीच्या आठवणी असतील तर खाली नक्की लिहा. ती पिढी आता फार थोडी उरली आहे.