चकाकी नंतर

आठवीत टेक्निकल घेतलेल्यांना वर्कशॉपमधला पहिला जॉब आठवत असेल. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानस चालवून त्याच्या कडा काटकोनात आणायच्या. माझी कड काही केल्या सरळ होईना. मग मी पॉलिश पेपर घासघासून तुकडा आरशासारखा केला आणि सरांपुढे ठेवला. सरांनी कडेला गुण्या लावून तो खिडकीसमोर धरला. फटीतून उजेड दिसला. "चकाकी नंतर," एवढंच म्हणून त्यांनी जॉब परत दिला.

ते शब्द मला तीस वर्षांनी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत पुन्हा आठवले. नोकरीनिमित्त मी इथे राहते. शेजारच्या आजोबांकडे १९६० च्या दशकातली जॅग्वार मार्क टू आहे. तिच्या इंजिनाची झाकणं काळवंडली होती, ती पॉलिश करायला मी हौसेनं गेले.

हे इंजिन याच गावचं. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री बेचिराख केलं. बॉम्बमुळे लागणाऱ्या आगींवर नजर ठेवायला युद्धकाळात कारखान्यांत रात्रीचे पहारे असत. विल्यम लायन्स यांच्या कारखान्यात पहाऱ्याला बसलेले विल्यम हेन्स, वॉल्टर हसन आणि क्लॉड बेली हे अभियंते त्या रात्रींत युद्धानंतरच्या इंजिनाचा आराखडा मांडत. लायन्स यांचा आग्रह होता की इंजिन ताकदवान हवंच, पण बॉनेट उघडल्यावर देखणंही दिसायला हवं. म्हणून व्हॉल्व्हच्या वर दोन कॅमशाफ्ट आले आणि त्यांच्यावर दोन लांबट, चकचकीत ॲल्युमिनियमची झाकणं. १९४८ च्या लंडनमधल्या मोटार प्रदर्शनात एक्सके १२० या गाडीतून ते लोकांसमोर आलं. सहा सिलिंडर, ३४४२ सीसी, १६० अश्वशक्ती.

देखणेपणाच्या आत कामही तितकंच चोख होतं. हॅरी वेस्लेक यांनी सिलिंडर हेडमधल्या हवेच्या वाटांचा आकार सुधारला. याच इंजिनावर जॅग्वारनं ल मान्सची २४ तासांची शर्यत १९५१, १९५३, १९५५, १९५६ आणि १९५७ अशी पाच वेळा जिंकली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस चकचकीत झाकणं जाऊन पन्हाळीदार झाकणं आली. इंजिन मात्र १९९२ पर्यंत बनत राहिलं. पुढे २००८ मध्ये टाटा मोटर्सनं जॅग्वार विकत घेतली.

इंजिनाचे भाग हातानं घासण्यामागे नेहमीच हौस नसते. शर्यतीच्या इंजिनातला कनेक्टिंग रॉड घासतात, कारण बारीक ओरखड्यापासूनच तडा सुरू होतो. झाकणाचं पॉलिश मात्र निव्वळ डोळ्यांसाठी. आधी २४० नंबरचा पेपर, मग ४००, ८००, १२००. पेपर साबणाच्या पाण्यात भिजवायचा आणि प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या दिशेनं चालवायचा, म्हणजे जुने ओरखडे गेले की नाही ते कळतं. शेवटी मेटल पॉलिश आणि सुती फडकं. दोन शनिवार गेले, बोटं काळी झाली, पण झाकणात तोंड दिसायला लागलं.

उत्साहाच्या भरात मी झाकणाची खालची कडही घासली. तीच कड पॅकिंगवर बसते. इंजिन सुरू केलं आणि मागच्या कोपऱ्यातून तेल पाझरलं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी झाकण काढून पुसलं, कडेला पोलादी पट्टी लावली आणि ते गॅरेजच्या दारासमोर धरलं. फटीतून उजेड दिसला.

मला आमचं वर्कशॉपच दिसलं.

मग जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि झाकण त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहिले, सगळी कड सारखी टेकेपर्यंत. ते काम कुणाला दिसणार नव्हतं. पण त्यानंतर तेलाचा थेंब आला नाही.

सॉफ्टवेअरमध्येही स्क्रीन आधी देखणा करायचा मोह मला अजून होतो. तेव्हा मी तो गुण्या आठवते.

सर संमेलनाला येणार आहेत असं कळलंय. त्यांना दाखवायला झाकणाचा फोटो आणतेय, खालच्या कडेचा.