बोटभर माशांवर अडलेली मासेमारी

पॅसिफिक महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना किरिबाटी हा देश विखुरलेला आहे. त्याची सगळी जमीन एकत्र केली तरी सुमारे ८१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढीच भरते. पण त्याच्या हक्काचा समुद्र आहे सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर, भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा! १९७९ साली हा देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी बनाबा बेटावरचे फॉस्फेटचे खाणकाम संपले. देश चालवायचा कशावर? उत्तर समुद्रात होते : टुना. कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याचेच हे भाऊबंद.

टुना किती आहे, हे पाहण्यासाठी साउथ पॅसिफिक कमिशनने १९७७ पासून मोठी पाहणी केली. स्किपजॅक जातीच्या सुमारे १ लाख ४० हजार टुनांना खुणेच्या पट्ट्या लावून समुद्रात सोडले. पुन्हा सापडलेल्या माशांवरून या भागात सुमारे ३० लाख टन स्किपजॅक असावा, असा अंदाज निघाला. मासे भरपूर होते. मग अडचण कोठे होती?

अडचण पकडण्याच्या पद्धतीत होती. त्या काळी बांबूला गळ बांधून टुना धरत. थवा दिसला की बोटीवरून जिवंत छोटे मासे पाण्यात फेकायचे आणि पाण्याचे फवारे उडवायचे. भुलून वर आलेला टुना चमकत्या गळालाच तोंड घालतो. गळाला उलटा काटा नसल्यामुळे मासा डेकवर पडताच सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. पण हे जिवंत आमिष नसेल तर थवा बोटीजवळ थांबतच नाही.

आमिषाचे मासे, म्हणजे तारली आणि मांदेलीच्या कुळांतली बोटभर मासळी, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतात. रात्री दिवा लावून त्यांना जाळ्यावर गोळा करतात. पापुआ न्यू गिनीसारख्या डोंगराळ बेटांवर नद्या पोषक द्रव्ये समुद्रात आणून टाकतात, त्यामुळे तेथे ही मासळी विपुल असते. कंकणाकृती प्रवाळद्वीपावर मात्र नदीच नसते. मधल्या लगूनमध्ये मासळी मोजकीच, आणि बेटावरच्या लोकांच्या जेवणातही तीच.

जपानी बोटी आपले आमिष टाक्यांत भरून घरून आणू शकत. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला किरिबाटी सरकारने काढलेल्या ‘ते माउतारी’ कंपनीला ती सोय नव्हती. म्हणून तारावा बेटावर तळी बांधून मिल्कफिश वाढवण्यात आले. हा मासा चिवट आणि टाकीत टिकणारा, तरीही आमिषाचा तुटवडा हटला नाही. दारात टुना असून तो धरता येईना.

दरम्यान पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या बोटी आल्या. हे जाळे थव्याभोवती टाकून बटव्याच्या तोंडासारखे तळाशी आवळतात. त्याला आमिष लागत नाही. परदेशी बोटींची पकड झपाट्याने वाढली. जपानी असोत वा स्थानिक, गळाच्या बोटींना टाकीतल्या आमिषाची मर्यादा होती. नव्या बोटींना ती उरली नाही. ती आता माणसालाच घालावी लागणार होती.

ती घालण्यासाठी बेटे एकत्र आली. १९८२ साली किरिबाटीसह सात देशांनी नाउरू करार केला. पुढे तुवालूही त्यात आला. २००७ पासून हे देश पर्ससीन बोटींना मासेमारीचे ‘दिवस’ विकतात. वर्षाला किती दिवस विकायचे ते आधी ठरते, आणि मागणी वाढली की दिवसाचा भाव चढतो. किरिबाटी सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग आज यातूनच येतो.

एकेकाळी लगूनमधली बोटभर मासळी जे ठरवत होती, ते आता करारातले आकडे ठरवतात. फरक इतकाच, की लगूनशी घासाघीस करता येत नव्हती.